काही नेम नाही

खाणावळीच्या तळघरात सहा रांगा आखलेल्या.
वरून आंबट कोबीचा वास,
भिंतीवर क्लबचे दिवंगत अध्यक्ष ओळीने,
बाहेर फिश्टेलच्या डोंगरांवर गुडघाभर बर्फ.
चार नंबरच्या रांगेत मी,
गुड्रून, वय एकोणपन्नास,
आयुष्यातली पहिली स्पर्धा.

कॅनव्हासचं जाकीट इतकं ताठ
की खुर्चीवर ठेवलं तर एकटंच बसून राहील.
त्याच्या आत मी मात्र
ताकासारखी घुसळून निघत होते.

सव्वीस वर्षं चिनी मातीच्या कारखान्यात
कपांच्या काठाला सोन्याची रेघ ओढते आहे.
हात हलला तर कप फोडून टाकायचा.
हलत नाही.
नवरा रविवारी मुद्दाम कानाशी येऊन शिंकतो,
तरी हलत नाही.
आणि आज दहा मीटरवरचा काळा ठिपका
दारुड्यासारखा झोकांड्या खात होता.
तोच हलतोय, मी नव्हे,
असं शपथेवर सांगितलं असतं मी.

लुइटपोल्ड, आमच्या क्लबचा म्हातारा,
उजव्या कानाने ठार बहिरा,
आदल्या शुक्रवारी म्हणाला होता,
"कापरं थांबवायला जाऊ नकोस.
पाहुणा आहे. बसेल थोडा नि जाईल."
पाहुण्याने तर बूट काढले,
मुक्कामच ठोकला.

पहिली गोळी सात. दुसरी सहा.
मग छर्रा भरायलाच विसरले,
चाप ओढला, नुसतं टक्.
पोटात गोळा, बंदुकीत गोळी नाही.
शेजारच्या रांगेत ओटमार, पलीकडच्या गावचा सुतार.
तो हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.

मग कसं कोण जाणे,
श्वास अर्ध्यावर येऊन थांबला,
सोन्याच्या रेघेला थांबतो तसा.
ठिपका वर्तुळात आला, बसला.
बोटाने चाप दाबला की चापाने बोट,
कळलं नाही.
टप्.
आतून माहीत होतं, दहा.

बटण दाबून कागद जवळ आणला.
कोरा.

ओटमारने त्याचा कागद जवळ आणला.
त्यावर दोन भोकं.
एक त्याचं, नऊच्या कडेला.
एक अगदी मधोमध, बघत राहावं असं.
तो वळला, हळूच म्हणाला,
"हे तुमचं दिसतंय,"
बसमध्ये कुणाचा हातमोजा राहावा तसं.

पंचबाईंनी चष्मा नाकावर ओढला,
नियम वाचून दाखवला
आणि वहीत माझ्या नावापुढे शून्य काढलं.
गोल, सुबक.
काठाला सोनं लावावं इतकं सुबक.

तेव्हा मला हसू आलं.
स्पर्धेत तळघरात कुणी हसत नाही,
म्हणून जाकिटाच्या आत हसले,
तर ते ताठ कापडही गदगदलं.
ज्याची धास्ती होती ते होऊन गेलं होतं,
सगळ्यांदेखत, नियमासकट.
सदतीस गोळ्या उरल्या होत्या
आणि घडायला वाईट असं काही शिल्लक नव्हतं.

आठ. नऊ. आठ. नऊ, परत नऊ.
मध्येच एक पाच,
वर स्वयंपाकघरात कुणीतरी ताट पाडलं तेव्हा.
कापरं होतंच कोपऱ्यात बसून.
मी त्याला ऊठ म्हटलं नाही,
बस असंही नाही.

आम्ही हरलो. चार गुणांनी.
हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला,
दहातून चार गेले, उरले किती.
मोठ्याने कुणीच नाही.
लुइटपोल्डने माझ्यासाठी सूप मागवलं,
मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली
आणि अख्ख्या खाणावळीला ऐकू जाईल
अशा बहिऱ्या आवाजात म्हणाला,
"पण दहा होता!"

तो कागद ओटमारने मागून घेतला, मला दिला.
आता स्वयंपाकघरात चिकटवलाय, फ्रिजवर.
नवरा रोज विचारतो, यातलं तुझं कुठलं?
दाखवते.
आणि पुढच्या शुक्रवारी कुठे लागेल?
माझा काही नेम नाही, म्हणते,
आणि जाकीट वाळायला ठेवते हीटरपाशी,
खुर्चीवर,
बसून राहतं ते.